हात टेकायला जागा

भाऊजींचा हात गेला, असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांच्यापैकी एकानेही तो हात कधी जवळून पाहिला नव्हता. मी पाहिला आहे. म्हणून लिहितो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना होता, तिथे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं इस्त्री केली. वाफेच्या नळ्या, ओल्या चादरींचे ढीग, मधोमध एक लांब टेबल, आणि त्या टेबलाशी उभे भाऊजी. वरच्या मजल्यांवरच्या पाहुण्यांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही. त्यांनी केलेली कॉलर मात्र रोज पाहिली.

संध्याकाळी हेच भाऊजी मांडीवर गिटार आडवी घेऊन बसत. ही गिटार कवटाळून वाजवायची नसते. ती पाटासारखी मांडीवर सपाट ठेवायची, डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी धरून ती तारांवरून फिरवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घसरत जातो. त्यांच्या वाद्यवृंदातले लोक त्यांना ‘इस्त्री’च म्हणत. दिवसभर कापडावर फिरवतात, संध्याकाळी तारांवर. भाऊजींनाही ते आवडायचं. ताई मात्र म्हणायची, “तिकडे सुरकुत्या काढता आणि घरी येऊन माझ्या कपाळावर पाडता.”

निवृत्त झाल्यावर इस्त्री सुटली, गिटार राहिली. त्यांचा स्पीकर जड आहे. तो उचलून तालमीला नेण्याचं काम माझ्याकडे होतं, अजून आहे. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

गिटारच्या तारांपाशी पिकअप नावाचा भाग असतो. लोहचुंबक, आणि त्यासोबत केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार थरथरली की गुंडाळीत वीज थरथरते, आणि तीच स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. गिटारचा कान म्हणा. भाऊजींचा पिकअप जुन्या घडणीचा होता. घोड्याच्या नालेसारखे दोन जाड लोहचुंबक तारांवरून कमानीसारखे वाकलेले, आणि तारा त्यांच्याखालून बोगद्यातून जाव्यात तशा जात. कमानीवरचा मुलामा कधीच उडून गेला होता आणि उघडं पडलेलं लोखंड गंजलं होतं.

वाद्यवृंद ज्या सभागृहात वाजवतो त्याच्या वर्धापनदिनाच्या तालमी चालू होत्या तेव्हा हा पिकअप गेला. आधी चरचरला, मग एक मोठा ठसका दिला आणि गप्प झाला. त्या कार्यक्रमाचा शेवट दरवर्षी भाऊजींच्या एका संथ धूनने होतो. बाकी सगळे वाद्यं खाली ठेवतात. फक्त भाऊजी वाजवतात. वर्षभरात तेवढीच त्यांची एकट्याची वेळ. बाकीचं वर्ष ते गाणाऱ्यांच्या मागे, ढोलवाल्याच्या शेजारी, खांबाआड.

आम्ही दुरुस्तीला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मीटरच्या दोन सुया लावल्या आणि मान हलवली.

“आतून तुटलाय, काका. हा संपला.”

“पुन्हा गुंडाळता नाही येणार?” भाऊजींनी विचारलं.

“कोण गुंडाळत बसणार? एवढी बारीक तार. आता नवीन घालतात.” त्याने काउंटरवर तीन डब्या ठेवल्या. “हा गोड. हा खणखणीत. हा दोन्हीच्या मधला. कुठलाही घ्या.”

“गोड म्हणजे किती गोड?”

“चहा आहे का काका, किती साखर ते सांगायला? घाला. चालून जाईल.”

चालून जाईल! मी जन्मभर नळांच्या कारखान्यात पॉलिश खात्यात होतो. या दोन शब्दांनी त्या कारखान्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं आगीनेही केलं नसतं. नळाच्या पोटाशी ओरखडा राहिला, चालून जाईल. आतल्या बाजूला चाक फिरलं नाही, कुणाला दिसतंय, चालून जाईल. मी म्हणायचो, मला दिसतंय ना. माझ्या हातून गेलेला नळ कुठल्या तरी घरात अजून चमकत असेल, आणि ‘चालून जाईल’ म्हणणारा साहेब बढती घेऊन केव्हाच वर गेला.

भाऊजी मात्र चिडले नाहीत. ते चिडत नाहीत, ते काम माझ्याकडे आहे. त्यांनी जुना पिकअप काढायला लावला आणि तिन्ही नवे एकेक करून तारांखाली सरकवून ऐकायला सुरुवात केली. दुकानदाराला कच्ची जोडणी तीनदा करावी लागली, तेव्हा त्याचं तोंड आंबलं. आंबू दे. विकायला बसलाय ना?

पहिल्या पिकअपचे चुंबकाचे ठिपके साध्या गिटारच्या मापाने बसवलेले होते. भाऊजींच्या तारा एकमेकींपासून जरा लांब असतात. त्यामुळे कडेच्या दोन तारा ठिपक्यांच्या बाहेर पडत आणि बारीक ऐकू येत. तो बाद. दुसरा इतका टोचायचा की भाऊजींनी तिसऱ्याच तारेला हात वर केला. तिसरा त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला. काउंटरवर गिटार, भाऊजी उभे, डोळे मिटलेले, एकेक तार छेडायची आणि ती विझेपर्यंत ऐकायची. दुकानात आलेला एक माणूस वाट पाहून निघून गेला.

“हाच,” ते म्हणाले. “आपल्या जुन्याचा भाऊ वाटतो.”

निवड चुकली नव्हती. हे मी आजही सांगतो. कानाने जेवढी परीक्षा घेता येते तेवढी त्यांनी घेतली होती.

“जुना ठेवून जा,” दुकानदार म्हणाला. “तुम्हाला काय उपयोग? भंगारात टाकतो.”

भाऊजींनी एकदा त्या गंजक्या कमानींवरून अंगठा फिरवला आणि जुना पिकअप तिथेच ठेवला.

पुढच्या तालमीत चिखल झाला.

दुसरा शब्द नाही. एक सूर संपायच्या आत दुसरा त्यावर चढत होता, तिसरा त्या दोघांत लडबडत होता. जे सूर इस्त्रीच्या घडीसारखे वेगवेगळे यायचे ते एकमेकांत गुंतून येऊ लागले. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मास्तर म्हणजे वाद्यवृंदाचे प्रमुख. स्वतः कीबोर्ड वाजवतात.

“इस्त्री, काय हे? सगळा लगदा झालाय.”

“पिकअप नवा आहे, मास्तर. सवय होईल.”

सवय झाली नाही. पुढच्या तालमीला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. ढोलवाला गाणारीकडे पाहून हसला. ती हळूच म्हणाली, “बोटं थरथरतात हो काकांची.” हळूच म्हणाली, पण माइकसमोर म्हणाली.

मास्तरांनी शेवटी पेटीचं झाकण लावावं तसा विषय बंद केला. “मी हात टेकले तुमच्यापुढे. वय कुणाला चुकत नाही. शेवटच्या तालमीला एकदा ऐकतो. असंच असेल तर ती धून मी कीबोर्डवर घेईन. यात गिटारचा आवाज आहे.”

“बरं,” भाऊजी म्हणाले.

मी स्पीकरची वायर गुंडाळत होतो. ती वायर मी इतक्या जोरात आवळली की पुढच्या वेळी सोडवायला त्रास झाला. यात गिटारचा आवाज आहे! एक बटण दाबलं की आवाज येतो. मग माणसाने इतकी वर्षं कशाला मांडीवर लाकूड घेऊन बसायचं? सगळ्या कपड्यांना इस्त्री करणारं यंत्र आलं तेव्हाही त्या हॉटेलच्या साहेबाने असंच सांगितलं होतं, यात सगळं आहे. त्या यंत्राने कॉलरची टोकं करपवली. मग भाऊजींनाच परत बोलावलं. कॉलरपुरतं.

घरी हाताची शुश्रूषा सुरू झाली. ताईने तेल चोळलं. कोमट पाण्यात बुडवून ठेवायला लावलं. डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली आणि काही नाही, वयोमान आहे, असं सांगितलं. मुलाचा फोन आला. बाबा, आता आराम करा. या ‘आराम करा’ची मला भयंकर चीड आहे. त्याचा अर्थ ‘नजरेआड व्हा’ असा असतो, फक्त आवाज मऊ काढतात.

भाऊजी आराम करत नव्हते. दुपारभर खोलीत बसून तीच धून. ताई भिंतीपलीकडे कपडे भिजवायची आणि ऐकायची. मी बाजूला बसून चहा थंड करायचो. भाऊजी एका दुपारी कांडी खाली ठेवून म्हणाले, “मेहुणे, खरंच गेला असेल का हो हात? स्वतःला कळतं का ते?”

मी चहाचा कप खाली ठेवला. ‘नाही’ म्हणालो, पण पटेल असं म्हणता आलं नाही.

एवढ्यात ताई आत आली. हातात भाऊजींचा पांढरा शर्ट. भिजलेला नव्हता अजून.

“अहो, परवा तालमीला हाच घातला होता ना?”

“हो. का?”

“मग बाही स्वच्छ कशी?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “स्वच्छ आहे तर बरंच आहे ना, ताई.”

“तू मध्ये बोलू नकोस. लग्न झाल्यापासून यांच्या उजव्या बाहीच्या कडेचा तांबूस डाग घासतेय मी. लिंबू चोळलं, मीठ चोळलं, उन्हात टाकलं. अख्ख्या हॉटेलच्या बाह्या कोऱ्या करून देणारा माणूस, आणि त्याची स्वतःची बाही अशी. माझी लाज जायची. आणि आता गेल्या कितीतरी धुण्यांत डागच नाही?”

“नवा पिकअप आहे ना,” भाऊजी म्हणाले. “गंजलेला नाही.”

“पण नवा असो की जुना, हात लागला तर काही तरी मळेलच ना? बाही कशालाच लागलेली नाही. वाजवा बघू.”

“आत्ता?”

“मग काय मुहूर्त काढू?”

भाऊजींनी कांडी उचलली आणि वाजवू लागले. ताई गिटारकडे वाकली. सूर ऐकायला नाही. तिचे डोळे मनगटावर होते, डाग शोधताना असतात तसे.

“हात कुठाय तुमचा?”

“हा काय.”

“दिसतोय मला. टेकलाय कुठे?”

भाऊजी थांबले. उजवा हात होता तिथेच राहिला, हवेत. कशालाही न लागता. आम्ही तिघांनी त्या हाताकडे पाहिलं.

“मास्तरांनी हात टेकले म्हणे,” ताई म्हणाली. “अरे, यांना टेकायला जागाच ठेवली नाही कुणी, ते नाही दिसलं कुणाला?”

आता सांगतो ते या वाद्याचं मर्म आहे. तार छेडायला जेवढं शिकावं लागतं त्याहून जास्त ती गप्प करायला शिकावं लागतं. पुढचा सूर काढायच्या आत आधीची तार तळव्याच्या कडेने हलकेच दाबून विझवायची. भाऊजींचा तळवा त्या लोखंडी कमानीवर विसावलेला असे, आणि तिथून तो तारांवर नुसता कलंडायचा. बिजागरीवर दार कलंडतं तसा. इतक्या वर्षांत त्यांनी कमानीकडे पाहिलंही नव्हतं. नवा पिकअप तारांखाली सपाट बसतो. वर काही नाही. बिजागरी काढून घेतली आणि दार नीट लागत नाही म्हणून दाराचं वय काढलं!

दुकानात उभ्याने, एकेक तार छेडून ऐकताना हे कळणं शक्यच नव्हतं. तिथे तार विझवायची नव्हती, विझेपर्यंत ऐकायची होती. आणि मी? ग्राइंडरच्या चाकापुढे लोखंडी टेकू असतो, त्यावर हात ठेवल्याशिवाय कुणी कामाला हात घालत नाही. हे मला माहीत नसावं? मीही भाऊजींची बोटंच बघत बसलो होतो.

आम्ही लगेच दुकानात गेलो. जुना पिकअप मागितला.

“तो? तो तर मोडून टाकला, काका. गुंडाळी कचऱ्यात गेली.”

“आणि चुंबक?”

त्याने मागे बोट दाखवलं. पत्र्याच्या कपाटाला ते दोन्ही चुंबक चिकटवलेले होते. एकावर त्याने पेचकस लटकवले होते, दुसऱ्यावर कात्री.

“भंगारात टाकतो म्हणालात ना?” मी विचारलं.

“मजबूत आहेत हो. उपयोगी पडतात.”

“आमच्याही पडत होते!”

भाऊजींनी माझी बाही ओढली. त्यांनी स्वतः पेचकस आणि कात्री काढून काउंटरवर ओळीने ठेवली, आणि चुंबक रुमालात बांधून घेतले. दुकानदार म्हणाला, “कमानीवाला नवीनही मिळतो, बाहेरून मागवावा लागेल. पण कार्यक्रमाच्या आत काही येणार नाही.” हे त्याने आता सांगितलं. तीन डब्या मांडताना नाही सांगितलं.

घरी येऊन भाऊजींनी जुने चुंबक नव्या पिकअपवर धरून पाहिले. आवाज घुसमटला. खाली नव्या पिकअपचा स्वतःचा चुंबक होता, वर हे, आणि मधल्या तारा दोघांच्या ओढाताणीत सापडल्या. भाऊजी म्हणाले, “आवाज हाच हवा, मेहुणे. यात खोट नाही. फक्त वर मुकी कमान हवी. नुसती हातासाठी.”

मुकी कमान पितळेची होऊ शकते. पितळ आणि लोहचुंबक एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. आणि पितळ म्हणजे माझं माहेर.

जाड पट्टी आणली. जुन्या चुंबकाची उंची आणि वाक त्यावर आखून घेतला. शेगडीवर तापवून मऊ केली, पाइपवर वाकवली. पहिली कमान एका बाजूला तिरकी झाली. ताई म्हणाली, “चालेल की रे, कोण बघतंय?” मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “गंमत केली. घे दुसरी.”

दुसरी सरळ आली. भाऊजींनी डोळे मिटून हात ठेवला.

“नखभर उंच आहे.”

कानस मारली. पुन्हा ठेवला.

“आता आतली कड टोचते.”

कड गोल केली. मग खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाणी लावून. मुद्दाम आरशासारखी चमक दिली नाही. चमकीवर घामाचा हात घसरतो. जिथे तळवा बसणार तेवढी जागा दुधासारखी मंद ठेवली. माझ्या हयातीत पहिल्यांदाच मी पितळ चमकायचं थांबवलं, आणि त्याला चमकवण्याहून जास्त कष्ट पडले. दोन स्क्रूंवर कमान बसली. भाऊजींनी हात ठेवला आणि कांडी उचलली. वाजवायला लागले. भिंतीपलीकडे ताईचं धोपटणं थांबलं.

शेवटच्या तालमीला मास्तर कीबोर्डवर तयार बसले होते. आवाजाचं बटणही दाबून ठेवलं होतं. भाऊजींनी धून सुरू केली. सूर आला, संपला, मग दुसरा आला. मधे मोकळी जागा होती, स्वच्छ. ढोलवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. शेवटचा सूर घसरत वर गेला आणि भाऊजींच्या तळव्याखाली अलगद विझला.

मास्तरांनी बटण बंद केलं. “ठीक. शेवटची धून तुमच्याकडेच.” मग हसून म्हणाले, “आज हात बरा आहे तुमचा.”

“हात तोच आहे, मास्तर,” मी म्हणालो. “परवाचाच. आणि त्याआधीचाही.”

भाऊजींनी माझ्या पायावर पाय दिला. मी स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली. पण गाणारीने माइकसमोर जे म्हटलं होतं ते कुणी माइकसमोर मागे घेतलं नाही. ‘वय झालं’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी त्या पितळेच्या कमानीकडे बोट दाखवून हे काय आहे, असं साधं विचारलंही नाही. माणसाला म्हातारं ठरवायला कुणाला वेळ लागत नाही. त्याच्या हाताखालचं काय काढून घेतलं ते बघायला मात्र सवड नसते.

कार्यक्रमाच्या दिवशी ताई पहिल्या रांगेत बसली होती. शेवटी सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि भाऊजी एकटे वाजवू लागले. मी पडद्याच्या कडेला स्पीकरपाशी उभा होतो. सभागृहात कुणाची खुर्ची वाजली नाही. टाळ्या झाल्या, किती ते सांगत नाही, पुरेशा झाल्या.

भाऊजी पायऱ्या उतरून आले. लोक त्यांचा हात हातात घेऊ पाहत होते, पण तो आधी ताईने पकडला. मनगट उलटं केलं आणि शर्टाच्या बाहीची कड दिव्याकडे धरली.

“हिरवा!” ती म्हणाली. “लोखंडाचा तांबडा होता तो बरा होता की. आता पितळेचा हिरवा. याला काय चोळू मी?”

“तुझ्या भावाला विचार,” भाऊजी म्हणाले. “कमान त्याने केलीय.”

ताईने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग पदराने डोळे पुसले, आणि भाऊजींचा हात काही सोडला नाही.